धाकटीचा परवाना

एकतीस हे वय तसं कुणाच्या डोळ्यांत भरणारं नाही. तिशीचा गाजावाजा होतो, चाळिशीला जवळचं दिसेनासं होतं, एकतीस मात्र आपलं गुपचूप येतं आणि महिनाभराने माणसाच्या लक्षात येतं. धाकटीच्या घरात हे वय दोन महिने आधीच येऊन बसलं होतं आणि जेवताना, भांडी लावताना, कपडे वाळत घालताना सगळ्यांच्या पायात येत होतं.

कारण होतं एका लांबच्या देशाची योजना. एक वर्ष आमच्याकडे या, हवं तितकं हिंडा, आणि हिंडता हिंडता फळबागेत, हॉटेलात, गोठ्यात मिळेल ते काम करून पोट भरा, अशी ती योजना होती, आणि तिच्या व्हिसाचं नावच होतं कामाची सुट्टी. फक्त तरुणांसाठी. तरुण म्हणजे कोण, हेही त्या देशानेच ठरवून टाकलं होतं. एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत माणूस तरुण. वाढदिवसापासून पुढे त्याचं काय होतं, याबद्दल पत्रकात काही नव्हतं. त्या दिवसाच्या आत अर्ज, तपासण्या आणि बोटांचे ठसे सगळं पुरं झालं तरच परवाना, नाहीतर जन्मात पुन्हा नाही.

धाकटीला हे कळलं तेव्हा ती तीस वर्षं दहा महिन्यांची होती. कळलं तेही एका गिऱ्हाइकाकडून. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेमच्या मापाने काच फिरत्या चाकावर घासायची आणि बरोबर बसवून द्यायची, हे नऊ वर्षं तिचं काम होतं. समोरची मुलगी चष्मा नाकावर चढवून बघताना सहज म्हणाली की, ती पुढच्या महिन्यात निघतेय, वर्षभर. धाकटीने त्या दिवशी पुढची काच दीड मिलिमीटर जास्त घासली. नऊ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

घरात ही बातमी तिने जेवताना सांगितली, आणि सगळ्यात आधी अडचण आली ती भाषेची. आई म्हणाली, सुट्टी असेल तर काम कशाला आणि काम असेल तर सुट्टी कसली? आणि काम करायचीच हौस असेल तर माळा दोन वर्षं आवरायचा पडलाय, त्यासाठी विमानात बसावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनीही हेच जरा वेगळ्या अंगाने मांडलं. म्हणजे माझ्याकडे सुट्टी टाकून तू दुसरीकडे काम करणार आणि त्याला सुट्टी म्हणणार, असं ते म्हणाले आणि दिवसभर तिच्याकडे जरा दुखावल्यासारखे बघत राहिले.

बाबांचा आक्षेप आणखी निराळा होता. बाबा एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाले होते. आलेला प्रत्येक कागद वहीत चढवायचा, गेलेला प्रत्येक कागद वहीत चढवायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर ती वही घरच्या फोनशेजारी येऊन पडली होती. फोन कुणाचा, केव्हा, विषय काय, असे रकाने आखलेले. वहीत क्रियापद घालायचं नाही, हा त्यांचा नियम, कारण क्रियापदाने रकाना भरतो. हळूहळू ते बोलायलाही तसंच लागले होते. तर बाबांचं म्हणणं असं की, व्हिसा हा शब्द या घरात चालणार नाही. आपल्याकडे चांगला शब्द आहे, परवाना. जायचं की नाही ते नंतर बघू, पण बोलायचं असेल तर परवाना म्हणायचं. त्या दिवसापासून आई, धाकटी आणि फोनवर दुसऱ्या शहरातली थोरली, सगळ्याजणी परवाना म्हणू लागल्या. जायचं की नाही यावर मात्र बाबा त्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत.

आता धाकटी स्वभावाने कशी होती हे सांगायला हवं. घराबाहेर पडताना ती गॅस तीनदा बघायची आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा बघायला परत यायची. बसमध्ये उतरायच्या दोन थांबे आधी दाराशी उभी राहायची. असल्या मुलीने परक्या देशात जाऊन अनोळखी माणसाच्या बागेत शिडीवर चढून फळं तोडायची, हे ऐकून हसायला येईल, आणि तिलाही यायचं. पण गॅस बघता बघता आपण एकतिशीला आलो, हेही तिला दिसत होतं, आणि ते गॅसपेक्षा जास्त भीतीचं वाटत होतं.

वरच्या मजल्यावर एक काका राहत. इमारतीत त्यांना सगळे विश्वकोश म्हणत, कारण त्यांना वेळ विचारली तर ते घड्याळाच्या शोधापासून सुरुवात करत. परवान्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला एक दिवस लागला, आणि मग रोज संध्याकाळी ते खाली उतरू लागले. त्यांच्या भाच्याच्या मित्राला विमानतळावरून परत पाठवलं होतं, का ते कळलं नव्हतं, पण फोटोत हसला होता असा काकांचा संशय होता. म्हणून फोटोत हसायचं नाही. अर्जात हिंडायला जाते असं लिहायचं नाही, अनुभवासाठी जाते असं लिहायचं. प्रत्येक कागदाच्या चार प्रती, आणि चौथी प्रत कुणालाही सांगायची नाही की आपल्याकडे आहे.

फोटो तीनदा काढावा लागला. पहिला न हसता काढला तो इतका न हसता आला की फोटोवाल्यानेच विचारलं, ताई, घरी सगळं बरं आहे ना? दुसऱ्यात कान दिसत नव्हते. तिसऱ्यात चष्म्यावर उजेड पडला म्हणून चष्मा काढायला लावला. नऊ वर्षं जगाला चष्मे लावणाऱ्या धाकटीला चष्म्याशिवाय कॅमेरा कुठे आहे हेच दिसेना. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा, आणि ती आवाजाच्या दिशेने बघत राहिली. अर्जावर शेवटी जो फोटो लागला त्यात ती डावीकडच्या पडद्याकडे मोठ्या आदराने बघते आहे.

मग आली चारित्र्याची पडताळणी. एक हवालदार वही घेऊन इमारतीत आले आणि त्यांनी दारोदार विचारलं की, ही मुलगी कशी आहे. धाकटी दाराच्या फटीतून ऐकत होती. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, कोण? समोरच्यांनी थोरलीचीच स्तुती केली. विश्वकोश म्हणाले, मुलगी अत्यंत चांगली आहे, आणि मग चांगलं म्हणजे काय यावर पंधरा मिनिटं बोलले. हवालदारांनी सगळं ऐकून दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं, सदर व्यक्तीबाबत विशेष काही आढळून आले नाही.

आई म्हणाली, छान झालं. बाबा म्हणाले, अगदी निर्दोष शेरा. धाकटी मात्र तो कागद घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. तीस वर्षं या इमारतीत राहून आपल्याबाबत विशेष काही आढळू नये, हे तिच्या जिव्हारी लागलं. पाठोपाठ डॉक्टरांकडे छातीचा फोटो काढला, त्याच्याही अहवालात काही आढळले नाही. ती घरी येऊन म्हणाली की, आता निदान हृदय तरी आढळायला हरकत नव्हती, आणि आईला वाटलं तिला काहीतरी झालंय.

पण खरा घोटाळा झाला तो ठशांच्या वेळी. ठसे घ्यायचं केंद्र बसने वीस मिनिटांवर होतं. तिथे काचेच्या एका चौकोनावर बोटं ठेवायची आणि यंत्राने हिरवा दिवा लावायचा, एवढंच काम. धाकटीने बोटं ठेवली. यंत्राने तांबडा दिवा लावला. खिडकीतल्या बाईंनी बोटं पुसून दिली, पुन्हा तांबडा. सहा वेळा झाल्यावर बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या की, दहापैकी सहा बोटांवर काहीच येत नाहीये, तुम्ही करता काय? धाकटीने काचा घासायचं चाक सांगितलं. नऊ वर्षं त्या चाकापाशी काच धरता धरता बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. बाईंनी समजूतदारपणे सांगितलं की, दहा-बारा दिवस चाकाला हात लावू नका, रेघा परत येतात, आम्ही फोन करून तारीख देऊ.

धाकटी बसमध्ये बसून आपल्या बोटांकडे बघत राहिली. पोलिसांना काही आढळलं नाही, डॉक्टरांना नाही, आता यंत्रालाही नाही. वाढदिवसाला सोळा दिवस उरले होते. तिने ते बोटांवर दोनदा मोजले, आणि मोजता मोजता तिला अगदी थोडंसं, चोरून, बरंही वाटलं. जमलं नाही तर आपण काय करणार, आपल्या हातातच नाही. हे बरं वाटणं तिने कुणालाही सांगितलं नाही, आणि त्याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग घराने धाकटीची बोटं ताब्यात घेतली. आईने भांड्यांना हात लावायला बंदी केली. बाबा भांडी घासू लागले, प्रत्येक भांडं आवक-जावक केल्यासारखं एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत. विश्वकोशांनी सकाळ-संध्याकाळ तेल लावून हातमोजे घालायला सांगितलं, आणि दरवाजा उघडला की ते आधी तिच्या बोटांची विचारपूस करत, मग तिची. दुकानात मालकांनी तिला चाकावरून उठवून गिऱ्हाइकांकडून अक्षरं वाचून घ्यायला बसवलं आणि पंधरा वर्षांनी स्वतः चाकावर बसले. त्यांच्या हाताची सवय मोडली होती. दिवसभर चाक किंचाळायचं आणि मधेच मालक किंचाळायचे, आणि हातमोजे घालून फळ्याकडे बोट दाखवणारी धाकटी गिऱ्हाइकांना वरच्या आवाजात विचारायची, आता दिसतंय का? त्यांना वाटायचं आपले डोळे नाही, कान तपासायला आलोय.

दुकानात मोबाईल खणात ठेवायचा नियम होता, म्हणून अर्जात तिने घरचा फोन दिला होता. बाबा घरीच असत आणि वही तयार असे. केंद्राचा फोन काही येईना. वाढदिवस रविवारी होता, शनिवारी केंद्र बंद, म्हणजे शुक्रवार शेवटचा. मंगळवार उजाडला तरी काही नाही. आई त्या दिवशी थोरलीकडे गेली होती, मोठी बॅग आणायला. धाकटीने दुपारी चार वाजता दुकानातल्या फोनवरून घरी फोन लावला. मागे मालक चाकावर एक जाड काच घेऊन बसले होते आणि काच हार मानायला तयार नव्हती.

"बाबा, केंद्राचा फोन?"

"हो."

"कधीचं म्हणाले?"

"परवाना."

"परवा ना?"

"हो, परवाना."

"किती वाजता?"

"अकरा. मूळ कागद सगळे."

"नक्की ना?"

"वहीत नोंद."

धाकटीने फोन ठेवला. परवा म्हणजे गुरुवार. शुक्रवारच्या आत. झालं एकदाचं, असं म्हणताना तिला हेही जाणवलं की, उद्याच असतं तर आपली गाळण उडाली असती, मधे एक दिवस मिळाला हे बरं झालं. बोटांना तेवढीच आणखी विश्रांती.

त्या रात्री जेवताना बापलेक दोघेच होते. आई असती तर शंभर प्रश्न विचारून तिने सगळं बाहेर काढलं असतं. बाबा एवढंच म्हणाले, फाइल तयार? धाकटी म्हणाली, लावली. बाबा म्हणाले, बोटांना तेल? ती म्हणाली, लावलं. परवान्याबद्दल जास्त बोललं की दोघांच्याही घशाखाली घास उतरत नसे, म्हणून ते विषय बदलून नळाच्या गळतीवर बोलले. सकाळी ती नेहमीप्रमाणे नऊला निघाली तेव्हा बाबा अंघोळीला गेले होते. फाइल जेवणाच्या टेबलावर होती, उद्यासाठी.

दुकानात त्या सकाळी एक आजोबा आले होते. त्यांना खालची ओळ दिसत नव्हती, पण ती पाठ होती. धाकटी त्यांना पटवत होती की, आजोबा, ही ओळ दिसली नाही तरी चालतं, कुणी रागावणार नाही. तेवढ्यात दुकानाचा दरवाजा उघडला आणि बाबा आत आले. हातात फाइल. शर्टाचं एक बटण चुकलेलं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती.

"अकरा वाजता ठसे आहेत आणि तू इथे काय करतेस?" बाबांनी विचारलं. क्रियापदांसकट.

"आज? परवा म्हणालात ना तुम्ही."

"परवा कुठे म्हणालो? परवाना म्हणालो."

चाक थांबलं. मालकांनी काच खाली ठेवली. आजोबा एकदा बाबांकडे आणि एकदा धाकटीकडे बघू लागले, आणि एवढं त्यांना चष्म्याशिवायही स्वच्छ दिसत असावं.

रस्त्यावर रिक्षा मिळायला सात मिनिटं लागली. रिक्षात बसल्याबसल्या भांडण सुरू झालं. मी कधीचं विचारलं होतं, ती म्हणाली. कशाचं विचारलंस, बाबा म्हणाले. मागे कुणीतरी किंचाळत होतं, मला कशाचं असंच ऐकू आलं. वहीत विषयाचा रकाना बघितला, विषय परवाना, म्हणून परवाना म्हणालो. तारखेच्या रकान्यात बुधवार लिहिलंय, घरी जाऊन बघ. मग तारखेचा रकाना का नाही वाचलात? तू तारीख विचारलीच नाहीस. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी तो म्हणाला, काका, तुम्ही परवानगी म्हणाला असतात तर बरं झालं असतं.

"फोन तरी करायचात दुकानात," धाकटी म्हणाली.

"फोनवर तुला ऐकू येतं का?"

पुढे रस्ता खणलेला होता. रिक्षा एका जागी उभी राहिली ती राहिलीच. धाकटीने मनातल्या मनात दिवस मोजले. गुरुवार, शुक्रवार, मग संपलं. सोमवारी ती एकतीस वर्षांची बाई म्हणून दुकानात जाईल, रेघा परत आलेली बोटं पुन्हा चाकाला लावेल आणि पाच-सहा महिन्यांत त्या पुन्हा झिजतील. इतके दिवस तिला जायची भीती वाटत होती. आता तिला कळलं की, न जायची भीती त्याच्या कितीतरी पट मोठी होती, फक्त ती आजवर गप्प बसून होती. ती रिक्षातून उतरली आणि पळत सुटली. बाबा गुडघा धरून मागून आले.

ती केंद्रात पोचली तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी पडदा बघून सांगितलं की, तुमची अकराची वेळ होती, ती गेली, आता पुढच्या गुरुवारी. धाकटीने सांगितलं की, रविवारी मला एकतीस पुरी होतात. बाई म्हणाल्या, मग नाही व्हायचं ते. म्हणाल्या तेही मायेने, आणि त्यामुळे ते जास्तच ठाम वाटलं. धाकटीने चाक, किंचाळणं, परवा, परवाना, सगळं एकदम सांगायचा प्रयत्न केला आणि त्यातलं बाईंना काहीही समजलं नाही.

तेव्हा बाबा धापा टाकत आत आले. त्यांनी धाकटीला हलकेच बाजूला केलं आणि खिडकीवर दोन्ही हात ठेवले. विनवणी केली नाही, आवाज चढवला नाही. चाळीस वर्षं खिडकीच्या आतून बोललेला माणूस पहिल्यांदा बाहेरून बोलत होता.

"गैरहजेरी लागलीये, की लागायची आहे?"

बाईंनी वर पाहिलं. "साडेअकराला सगळ्यांची एकदम लावते."

"म्हणजे अजून दहा मिनिटं ही हजर आहे."

बाईंनी पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मग बाबांच्या चुकलेल्या बटणाकडे बघितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या विभागात होता? बाबा म्हणाले, आवक-जावक. बाईंनी शेजारच्या खिडकीतून एक चिठ्ठी ओढून धाकटीच्या हातात दिली आणि आतलं दार दाखवलं.

उजव्या हाताची पाचही बोटं पहिल्या झटक्यात लागली. डाव्या हाताची चार लागली. डावा अंगठा दोनदा तांबडा झाला. धाकटीने तो साडीच्या दुकानातल्या बाहुलीसारखा ताठ धरला होता. आतल्या बाई म्हणाल्या, इतका नको दाबू गं, नुसता टेकव. तिने श्वास सोडला आणि नुसता टेकवला. हिरवा दिवा लागला तेव्हा तिला पडद्यावर आपल्या अंगठ्याच्या रेघा दिसल्या. बऱ्याच होत्या. पोचपावतीवर शिक्का बसला आणि त्यावर लिहिलं होतं, अर्ज पूर्ण.

बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. गुडघा चोळत होते. धाकटी शेजारी बसली, पावती फाइलमध्ये घातली आणि फाइल मांडीवर ठेवली. दोघंही बराच वेळ समोरच्या भिंतीवरचे सूचनाफलक वाचत बसली. मग तिच्या मनात एक हिशोब आला. घरापासून दुकान रिक्षाने दहा मिनिटांवर. बाबा आले अकराला दहा कमी असताना.

"फाइल कधी दिसली तुम्हाला?" तिने विचारलं.

बाबा फलक वाचत राहिले. "सव्वानऊ."

"सव्वानऊला? मग?"

"साडेदहापर्यंत समोर घेऊन बसलो होतो."

धाकटीला आधी नीट समजलं नाही. नळ गळत असेल, रिक्षा मिळाली नसेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात येऊन गेलं. मग तिला समजलं आणि तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"मला काहीच करायचं नव्हतं," बाबा म्हणाले. "फाइल लपवायची नव्हती, खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. बारा वाजले की प्रश्नच मिटला असता. तू इथेच राहिली असतीस. चूक फोनची ठरली असती."

धाकटीला राग यायला हवा होता, पण काल दुपारी फोन ठेवताना आपल्यालाही एक दिवस मिळाल्याचं बरं वाटलं होतं, हे तिला आठवलं. तिने ते बाबांना सांगितलं. बाबांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊक होतं.

"मग उठलात कशाला?" तिने विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"चाळीस वर्षं त्या खात्यात काढली. लोकांचे किती कागद आले आणि गेले. मी कुणाचाही कागद दाबून ठेवला नाही, एकाचाही नाही. म्हटलं, आता ठेवायचा तो नेमका तुझाच ठेवू?"

धाकटीला रडू आलं. लपवावं असंही तिला वाटलं नाही. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरची फाइल उचलून आपल्या छातीशी धरली.

"मूळ कागद आहेत," ते म्हणाले. "ओले होतील."